उस्तादासाठी पहिली भाषा

राजुरी, ता. जुन्नर
१३ फेब्रुवारी २०००

स्नेहाताई,
सप्रेम जय भीम.

हे पत्र मी दिवाळीपासून टाळतोय. पाकीट आणलं होतं, त्यावर तुझा बेंगळूरचा पत्ताही लिहिला होता. मग आईने त्यात कोथिंबिरीचं बी भरून ठेवलं आणि मी मनात म्हटलं, बरं झालं. तू पुण्याच्या स्टँडवर म्हणाली होतीस, "राजू, आयुष्यात एक गोष्ट पुरी कर आणि मगच मला लिही." तेव्हापासून मी पुरं झालेलं काहीतरी शोधतोय. आयटीआय अर्धं, तू घालून दिलेला कॉम्प्युटरचा क्लास अर्धा, ट्रकवरची क्लीनरकी अर्धी. मधे एका टुरिंग टॉकीजबरोबर जत्रा फिरलो, तंबूचे खुंट ठोकायला. तो मालक सिनेमा चालू झाला की स्वतःच पहिल्या रांगेत बसून रडायचा. असो. तेही अर्धंच सोडलं.

तर पुरं काहीच नाही. तरी लिहितोय, कारण काम माझं नाही, कुंडलिकभाऊचं आहे. तोच, ज्याच्या गाडीवर मी होतो. माझा उस्ताद. तुला तो आवडायचा नाही, माहीत आहे. तो सध्या घरीच असतो, कमरेचं दुखणं आहे. झोपून असतो. हात चांगले चालतात, डोकं तर नको इतकं चालतं. त्याच्या भावाने, हौशीरामने, (आळेफाट्यावर हॉटेल आहे त्याचं) पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातनं काढून टाकलेला कॉम्प्युटर आणलाय. काळा पडदा, पांढरी अक्षरं, तुझ्या क्लासला होता तसलाच. उस्तादाच्या बायकोने, झुंबरवहिनीने, मला माळावरून बोलावून आणलं. म्हणाली, "रत्न्या, तुला यातलं कळतं म्हनं. ह्यांना कशात तरी गुतव. न्हाईतर हा मानूस जगत न्हाई, मी सांगून ठेवते."

ती उगाच बोलणारी बाई नाही. गोठ्यातली फवारणीच्या औषधाची बाटली तिने उचलून शेजारच्यांकडे नेऊन ठेवली आहे.

आता प्रश्न असा की उस्तादाला पहिली भाषा कोणती शिकवायची? म्हणजे कॉम्प्युटरची. मी हॉटेलात सहज विषय काढला तर सगळा आळेफाटा सल्ला द्यायला बसला. आपल्याकडे पीक कसं ठरवतात तुला ठाऊक आहे, गेल्या साली ज्याला भाव, ते यंदा लावायचं. एक जण म्हणाला, कोबोल. पुण्यात कोबोलवाल्याला लई मागणी. दुसरा म्हणाला, "ती मागल्या साली, राव. दोन हजार साल लागलं अन् कोबोल पडलं. आता जावा." हौशीराम भजी तळता तळता म्हणाला, "म्हंजी टमाट्यावानीच झालं की! आपन लावस्तोवर भाव गेला." शेवटी ठरलं की सी. सी बाराही महिने चालते, बाजरीसारखी.

मीही सीच शिकवायला घेतली. क्लासात अर्धी झालेली तेवढी एकच येते मला.

पण ताई, लई वाईट चाललंय. उस्तादाला इंग्रजी अक्षरं येतात ती नंबरप्लेटींवरून. एम म्हटलं की त्याचं बोट आपोआप एचवर जातं. पहिल्या दिवशी पडद्यावर स्वतःचं नाव उमटवायला त्याला सकाळ गेली. उमटल्यावर म्हणाला, "आपलं नाव आपल्यालाच दाखवायला एवढी खटपट? गाडीच्या मागं पेंटर बिडी वढता वढता लिहितो." दुसऱ्या दिवशी एक अर्धविराम राहिला. पडद्यावर इंग्रजीत तक्रार आली. "काय म्हनतंय?" मी सांगितलं. "एवढ्यासाठी अडवलं? हे तर आरटीओ हाय, भाऊ." हसलो आम्ही. तिसऱ्या वेळेला तो हसला नाही. म्हणाला, "मशिनीलाबी मी चुकलेलाच दिसतो." मग लाईट गेली, होतं नव्हतं तेही पुसलं, आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.

ताई, तू सांग. सोपी, न रागावणारी अशी कुठली भाषा आहे? लवकर सांग. एकदा त्याने हात काढून घेतला की परत देणार नाही, मी ओळखतो त्याला.

तुझा
राजरत्न


मंचर
२ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. मायना नाही, सही नाही, पण अक्षर तुझं. "सी बंद कर. ड्रायव्हर आहे ना, मग लोगो दे. त्यात कासव चालवायचं असतं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. पहिल्या दिवशी चित्र निघतं." मी ते हॉटेलच्या काउंटरवर उभ्यानेच वाचलं. हौशीराम म्हणाला, "बहिनीनं शिव्या दिल्या का?" मी म्हटलं, नाही, कासव दिलं.

लोगोची फ्लॉपी जुन्नर तालुक्यात कुणाकडे नाही. इथे मंचरला एका क्लासवाल्याकडे निघाली. कॉपी करून घेतली तेव्हाच परत निघायला हवं होतं. पण स्टँडवर तो टुरिंग टॉकीजवाला भेटला, त्याचा तंबू वाऱ्याने फाटला होता, आणि मी शिवायला बसलो. बघ, तुला खरं तेच लिहितोय. आज जातो. वहिनीचा निरोप आळेफाट्याच्या एका ड्रायव्हरने इथवर आणला, की उस्ताद कालपासून बोलत नाही.

राजू


राजुरी
१० मार्च

ताई, ताई, ताई!

उस्ताद जेवला. दोन भाकरी, वर कांदा मागून घेतला.

कासव म्हणतात पण दिसतं तिकोनी. मी एफडी शंभर टाकलं, ते सरळ वर गेलं आणि मागे रेघ राहिली. आरटी नव्वद, उजवीकडे वळलं. उस्ताद उशीवर कोपरं रोवून उठला. "स्टेरिंग हाय की ह्याला!" मग मला विचारतो, "रिव्हर्स?" मी म्हटलं, आहे, बीके. "मंग सरक." त्याने काय केलं असेल? आधी आळेफाट्याचा चौक काढला. नाशिककडे एक रस्ता, नगरकडे एक, पुण्याकडे, कल्याणकडे. मग हौशीरामच्या हॉटेलासमोर दोन गाड्यांच्या मधे कासव रिव्हर्समध्ये लावलं. न घासता. वहिनीला हाक मारून दाखवलं. ती पदराला हात पुसत आली, बराच वेळ बघून म्हणाली, "हॉर्न कुठाय?" तो इतका हसला की खोकला लागला.

गावातली पोरं खिडकीत जमतात. एकाने बोलून दाखवलं, "हे तर लहान पोरांचं असतं, भाऊ, इंग्लिश मीडियमच्या." उस्ताद न बघता म्हणाला, "मंग तू घे की घाट चढून ह्याच्यावर." पोरगं खिडकीतून उतरलं.

चुकलं की ते रागावत नाही, तेवढं बरं आहे. फक्त चुकीच्या ठिकाणी जाऊन उभं राहतं. आणि आपल्याला दिसतं की चुकलं. तू कुठून शिकलीस हे सगळं? आपण एकाच चुलीपाशी अभ्यास करायचो.

आता तो रोज म्हणतो, "रत्न्या, आज ओतूरपर्यंत जाऊ." उद्या डिंगोरे. पुढे माळशेज.

तुझा राजू


राजुरी
२६ मार्च

ताई,

मी तुला एक सांगितलं नाही. कमरेचं दुखणं म्हणालो, ते दुखणं नाही. उस्तादाची गाडी डिसेंबरात माळशेज घाटातून खाली गेली. कांदा होता, कल्याणला चालला होता. पहाटेचं धुकं होतं. स्टेरिंग उस्तादाच्या हातात, आणि केबिनमधल्या मागच्या फळीवर भागू झोपलेला. भागू म्हणजे त्याचा जोडीदार ड्रायव्हर. दोघं आळीपाळीने एकच गाडी चालवायचे, एकाच डब्यात जेवायचे. एका उजव्या वळणाला गाडी वळली नाही. उस्ताद बाहेर फेकला गेला, त्याचं कमरेखालचं अंग गेलं. भागू गाडीबरोबर गेला.

तुला लिहिलं नाही, कारण ट्रक मला गिळेल असं तूच म्हणायचीस. मला तुझं खरं झालेलं तुला कळवायचं नव्हतं. एवढंच कारण. तुला माहीत असतं तर तू ह्या माणसाला रस्ता काढणारी भाषा दिलीच नसतीस.

तो घाटात पोचला, ताई, आणि तिथेच राहिला. चौक नाही, हॉटेल नाही, दुसरं काही काढतच नाही. पडद्याची डावी कड म्हणजे दरी. तो रस्ता काढत आणतो, वळणापाशी थांबतो, आणि अंश बदलून बदलून बघतो. "चाळीसला बसत न्हाई. आजून थोडं तोडायला पायजे व्हतं." पुन्हा पुसतो. पुन्हा ओतूर, पुन्हा डिंगोरे, पुन्हा वळण. मी म्हटलं, "उस्ताद, चला नाशिकला जाऊ, द्राक्षं आणू." तो म्हणाला, "ही खेप पुरी झाल्याबिगर?"

आणि एक गोष्ट, जी मला झोपू देत नाही. ह्या लोगोत कासव एका कडेने बाहेर पडलं की दुसऱ्या कडेने आत येतं. हे मला आधी माहीत नव्हतं. पहिल्यांदा ते दरीत गेलं तेव्हा उस्तादाने डोळे मिटले. उघडले तर ते उजवीकडून आत येत होतं. तो लहान मुलासारखा ओरडला, "आला! भागू आला परत!" वहिनीच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

आता तो वळवतच नाही. मुद्दाम सोडून देतो दरीत आणि उजव्या कडेकडे बघत राहतो. आला की पुन्हा सोडतो. सकाळी सुरू होतं ते लाईट जाईस्तोवर. जेवण दोन घास.

फ्लॉपी मोडून टाकायला हातात घेतली होती. वहिनीने मनगट धरलं. "ते काढलंस तर त्यांच्याकडं बघायला काय ऱ्हायलं? भिंत?" मग मला सांग, ठेवू की काढू? काढलं तर त्याच्या जागी काय देऊ? रस्ता नसलेली भाषा पाहिजे, ताई. डावं-उजवं नसलेली. ह्या वेळी सगळं सांगितलंय, आता चूक होणार नाही.

राजरत्न


आळेफाटा
३ एप्रिल

ताई,

तुझी वाट न बघता एक करून बसलो. फ्लॉपीबरोबर जी पानं मिळाली होती त्यात शोधून एक आज्ञा काढली. फेन्स. ती टाकली की कासव कडेपाशी अडतं, बाहेर जातच नाही. मला वाटलं, दरी बंद केली की झालं. उस्ताद बघत असताना टाकली. त्याने कासव सोडलं. ते कडेला जाऊन थांबलं.

त्याने पडद्याच्या त्या कडेवर बोट ठेवलं. मग हळू विचारलं, "हा कठडा का?"

"हो, उस्ताद."

"एक सबुद टाकला की कठडा येतो?"

"हो."

"मंग तिथं का न्हाई टाकला कुनी?"

तेव्हापासून त्याने पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही. मी हात जोडले, आज्ञा काढून टाकतो म्हटलं. तो म्हणाला, "आता काढून काय? मला म्हाईत झालं ना."

इथे हॉटेलात बसून लिहितोय. एसटीडीवरून तुझ्या ऑफिसला फोन केला होता. एक बाई इंग्रजीत बोलली, मी ठेवून दिला. पुन्हा केला, पुन्हा तीच. मला तुझं नाव इंग्रजीत मागता येईना, ताई. खरं तर नुसतं स्नेहा म्हणायचं होतं.

ड्रायव्हर लोक येतात, चहा पितात, विचारतात, "कुंडलिकशेट कसाय?" मी सांगतो, बरा आहे. हौशीराम सगळं खरं सांगून टाकतो, कासव, दरी, उजवी कड. त्यांच्यातला एक म्हणाला, डिंगोऱ्याला भागूची आई आहे, साळुबाई. ती कुठल्या ट्रकवाल्याला दारात उभं करत नाही. भागूचे दिवस घातल्यावर हौशीरामने तिला गहू पाठवले होते, पोतं शिवण न उसवता परत आलं. उस्तादाने तिचं नाव आजवर काढलेलं नाही. त्याच्या घाटात डिंगोरे येतं तेव्हा कासव तिथे जरासुद्धा थांबत नाही.

भाषा सांग. कुठलीही. मी ती इथे बसून शिकेन आणि ह्या वेळी पुरी शिकेन.

राजू


राजुरी
१२ एप्रिल

ताई,

तुझं पाकीट काल आलं. पहिल्यांदाच एवढं लांब लिहिलंस, आणि मायनाही होता. तू लिहितेस, "राजू, भाषा बदलून काय होणार? तो कुठल्याही भाषेत तो घाटच लिहील." आणि खाली, "तरी हवीच असेल तर बेसिक. त्याच मशीनमध्ये असेल." मी वाचून तुझ्यावर चिडलो. एवढी शिकलेली बहीण, आणि उपाय विचारला तर असं सांगते.

बेसिक होतीच. काल संध्याकाळपर्यंत मी ती चालू केली. त्याला म्हटलं, "उस्ताद, ह्यात रस्ता नाही. नुसतं बोलणं आहे. मशीन विचारणार, आपण सांगायचं." आधी फक्त ऐकत होता. मी उदाहरण दाखवलं, मशीन नाव विचारतं, आपण टाकायचं, ते नमस्कार म्हणतं. दहा, वीस, तीस अशा ओळींना नंबर. गोटू दहा म्हटलं की परत पहिल्या ओळीवर. त्याला ते लगेच कळलं. "म्हंजी टोलनाका. पुन्ना मागं पाठवतं." आणि, ताई, त्याने चहा घेतला. दुधाचा. मला वाटलं, जिंकलो. तुला लिहिणारच होतो की बघ, तुझं चुकलं.

आज सकाळी गेलो तर त्याने स्वतःचं, माझ्या मदतीशिवाय, पहिलंच काहीतरी लिहिलं होतं. एकही चूक नाही. इंग्रजी अक्षरांत मराठी. मशीन विचारतं, भागू, झोपला का. भागूचं उत्तर तोच टाकतो, न्हाई, जागा हाय. मशीन पुन्हा विचारतं, भागू, झोपला का. गोटू दहा. न्हाई, जागा हाय. न्हाई, जागा हाय. सगळा पडदा तेवढ्याने भरून वर सरकत होता.

मी बाहेर ओसरीवर येऊन बसलो. तुझं खरं आहे. भाषेत काही नाही. सी दिली असती आणि ती तो पुरी शिकला असता तर त्या अर्धविरामांतूनही त्याने हेच काढलं असतं. मग आता मी त्याला काय देऊ? वहिनी आतून बघते आणि माझ्याकडून काहीतरी येईल म्हणून थांबते. मी अर्ध्यातून उठून जाणारा माणूस आहे, ताई. मला आत्ता, ह्या क्षणी उठून मंचरची गाडी पकडावीशी वाटतेय. तंबू अजून फाटकाच असेल. तुला लिहीत बसलोय ते त्यासाठीच, हात गुंतलेला राहावा म्हणून. लिहीन तोवर इथे आहे.

आत बटणं वाजतायत. उन्हाचं कुणी रस्त्यावर नाही. म्हणजे नव्हतं. एक म्हातारी येतेय. कापडाची पिशवी, डोक्यावर पदर, एसटीतनं उतरून चालत आलेली दिसते. घर विचारत नाही, सरळ येतेय.

जरा थांबून लिहितोय. म्हातारी दारात आहे. मला विचारलं, "रत्न्या तूच ना? भागू सांगायचा तुझं." मी उठलो. पाणी पुढे केलं, तिने हातानेच नको म्हटलं. म्हणाली, "घाटातली ड्रायव्हर पोरं स्टँडवर सांगत्यात. हितं मशिनीत माझ्या भागूची गाडी रोज पाडत्यात म्हनं. अन् ती परत येती म्हनं." मी मान हलवली. "मंग मला कुनी का न्हाई बोलावलं?"

डिंगोऱ्याची साळुबाई आलीये, ताई. वहिनी चुलीपासून उठून दाराशी आली आणि तिथेच खाली बसली. म्हातारी तिच्या डोक्यावर हात ठेवून उंबऱ्याशी चपला काढतेय. आत बटणं थांबलीत.

उस्तादाने विचारलं, "रत्न्या, कोन आलंय?"

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "भागूची आय. सरक वाईच, मला दिसू दे."